बहिणींचा पाठीराखा : हजरत जाबिर बिन अब्दुल्लाह (रजि.)

मिंबरवरून हदीस सांगितली जाते तेव्हा तिच्या आरंभी कुणा सहाबींचे नाव येते. ते नाव आपण ऐकतो आणि लगेच कान पुढच्या मजकुराकडे लावतो. अशा रीतीने आपल्या कानांवरून असंख्य वेळा गेलेले एक नाव म्हणजे हजरत जाबिर बिन अब्दुल्लाह अन्सारी (रजि.). त्यांच्याकडून आलेल्या हदीसांची संख्या १,५४० सांगितली जाते. सर्वाधिक हदीस ज्यांच्याकडून आल्या अशा मोजक्या सहाबींत त्यांची गणना होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या अखेरच्या हजचे सर्वांत सविस्तर वर्णनही उम्मतला त्यांच्याच मुखातून मिळाले. नाव असे घरोघरी पोहोचले, मात्र त्या नावामागचा माणूस आपल्याला अनोळखीच राहिला.

ते लढवय्ये होते. प्रेषितांच्या (स.) सोबत १९ मोहिमांत सहभागी झाल्याचे त्यांनी स्वतः सांगितले आहे. परंतु बद्र आणि उहुद या इस्लामच्या इतिहासातील पहिल्या दोन मोठ्या लढायांच्या दिवशी ते रणांगणात नव्हते. ते का नव्हते, हे जाणून घेतले की त्यांच्या उण्यापुऱ्या ९४ वर्षांच्या आयुष्याचे मर्म हाती येते. आपल्या घरातील एका दुखऱ्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच दडलेले आहे.

जाबिर (रजि.) हे मदिनेच्या खजरज कबिल्यातील बनू सलिमा या शाखेचे. त्यांचे वडील अब्दुल्लाह बिन अम्र बिन हराम (रजि.) हे आपल्या लोकांत मान असलेले गृहस्थ होते. इ. स. ६२२ मध्ये, हिजरतच्या काही महिने आधी, मदिनेचे सत्तरहून अधिक लोक हजच्या दिवसांत मिनाजवळच्या अकबाच्या घाटीत रात्रीच्या वेळी गुपचूप जमले आणि त्यांनी प्रेषितांच्या (स.) हाती बैअत केली. त्या रात्री निवडल्या गेलेल्या १२ नकीबांपैकी एक अब्दुल्लाह (रजि.) होते. त्यांच्यासोबत त्यांचा कोवळ्या वयाचा मुलगाही आला होता. त्या मेळाव्यातील सर्वांत लहान मंडळींपैकी एक असलेला हा मुलगा म्हणजेच जाबिर. अशा रीतीने पिता-पुत्रांनी एकाच रात्री, एकाच हाती वचन दिले.

पुढे बद्रचा प्रसंग आला, नंतर उहुदचा. वडील निघाले आणि मुलाला त्यांनी घरी थांबवले. कारण घरात मुली होत्या. काही रिवायतींत त्यांची संख्या सात येते, काहींत नऊ. बाप आणि भाऊ दोघेही रणांगणात गेले तर या मुलींना कोण? जाबिर (रजि.) तरुण होते. वयाने बरोबरीचे मित्र शस्त्रे परजत असताना आपण मात्र उंबरठ्याच्या आत राहावे, हे त्यांच्या मनाला किती टोचले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. तरीही त्यांनी वडिलांचा शब्द मोडला नाही.

उहुदच्या आदल्या रात्री अब्दुल्लाह (रजि.) यांनी मुलाला जवळ बोलावले. उद्या जे पहिले शहीद होतील त्यांत मी असेन असे मला वाटते, असे त्यांनी सांगितले. प्रेषितांच्या (स.) नंतर तुझ्याइतके प्रिय असे मी मागे कुणालाच ठेवून जात नाही, हेही सांगितले. मग दोन कामे सोपवली : माझ्यावर कर्ज आहे ते फेड, आणि बहिणींशी भलेपणाने वाग. वाचकहो, शहादतच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या या सहाबींची वसियत पाहा. तिच्यात सूड किंवा कीर्तीचा शब्दही नाही. लोकांचे देणे आणि मुलींची काळजी, एवढेच तिच्यात आहे.

दुसऱ्या दिवशी, हिजरी ३ (इ. स. ६२५) मध्ये, उहुदच्या पायथ्याशी अब्दुल्लाह (रजि.) शहीद झाले. शत्रूंनी त्यांच्या देहाची विटंबना केली होती. जाबिर (रजि.) वडिलांच्या तोंडावरचे वस्त्र पुन्हा पुन्हा बाजूला करून रडत होते. लोक त्यांना आवरत होते, प्रेषितांनी (स.) मात्र त्यांना रोखले नाही. जाबिरच्या आत्या फातिमा बिन्ते अम्र (रजि.) याही रडू लागल्या, तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितले की जनाजा उचलला जाईपर्यंत फरिश्ते आपल्या पंखांनी त्यांच्यावर सावली धरून होते. वडिलांना त्यांचे नातलग आणि मित्र अम्र बिन जमूह (रजि.) यांच्यासोबत एकाच कबरीत दफन करण्यात आले. वडील दुसऱ्या कुणासोबत एका कबरीत असावेत, हे जाबिर यांच्या मनाला रुचेना. सहा महिन्यांनी त्यांनी वडिलांना स्वतंत्र कबरीत हलवले, तेव्हा कानापाशी झालेला किंचित बदल सोडता देह ठेवला होता तसाच आढळला. पुढे एके दिवशी प्रेषितांनी (स.) त्यांना खिन्न पाहिले आणि वडिलांविषयी खुशखबर दिली : अल्लाहने त्यांच्याशी पडद्याविना संवाद साधला, आणि त्यांनी पुन्हा जगात जाऊन पुन्हा शहीद होण्याचीच इच्छा व्यक्त केली.

उहुदच्या दुसऱ्याच दिवशी प्रेषितांनी (स.) शत्रूच्या पाठलागासाठी हमराउल असदकडे कूच करण्याचा आदेश दिला. काल जे उहुदमध्ये होते त्यांनीच आज यावे, अशी अट होती. जाबिर (रजि.) पुढे झाले. आपण आपल्या इच्छेने मागे राहिलो नव्हतो, वडिलांनी बहिणींसाठी थांबवले होते, हे त्यांनी सांगितले आणि परवानगी मागितली. ती मिळाली. त्या दिवसानंतर कोणत्याही मोहिमेत ते मागे राहिले नाहीत. ज्या घरासाठी ते थांबले होते त्याच घराची जबाबदारी शिरावर घेऊन आता ते निघत होते.

वडिलांच्या वसियतमधील पहिले काम कर्जाचे होते. एका सावकाराचे ३० वसक खजूर देणे होते. एका वसकात ६० साअ धरले, तर हे देणे १,८०० साअ इतके होते. बागेचे उत्पन्न त्याला पुरणारे नव्हते. जाबिर यांनी मुदत मागितली, प्रेषितांनी (स.) स्वतः रदबदली केली, पण धनको ऐकेना. तेव्हा प्रेषित (स.) बागेत आले, खजुरांच्या झाडांमधून फिरले आणि जाबिर यांना फळ उतरवून देणे चुकते करण्यास सांगितले. जाबिर मोजत गेले. पूर्ण ३० वसक फिटले आणि १७ वसक शिल्लक राहिले. ही हकीकत हजरत उमर (रजि.) यांच्या कानी घातली गेली तेव्हा ते उत्तरले की प्रेषित (स.) त्या बागेत फिरले तेव्हाच तिच्यात बरकत होणार हे मी जाणले होते. बरकत अल्लाहची होती यात शंका नाही. मात्र ती उतरली ते कर्ज बुडवण्याचा विचार मनाला शिवू न देता धनकोच्या दारी वारंवार जाणाऱ्या मुलाच्या बागेत.

दुसरे काम बहिणींचे. जाबिर (रजि.) यांचा विवाह झाला तेव्हा त्यांनी पूर्वविवाहित स्त्रीची निवड केली. याविषयीचा प्रसंग हदीसच्या ग्रंथांत मोठ्या गोडव्याने आला आहे. एका मोहिमेवरून परतताना त्यांचा उंट थकून मागे पडला होता. प्रेषित (स.) त्यांच्यापाशी थांबले, त्यांनी उंटाला हाकलले आणि तोच उंट असा धावू लागला की लगाम खेचून धरावा लागे. वाटेत बोलणे निघाले. लग्न झाले का, कुमारिकेशी की पूर्वविवाहित स्त्रीशी, असे प्रेषितांनी (स.) विचारले. उत्तर ऐकून ते म्हणाले की तुझ्या वयाला साजेशी कुमारिका का नाही केलीस, म्हणजे दोघांचा वेळ हसण्याखेळण्यात गेला असता. त्यावर जाबिर यांनी कारण सांगितले : वडील शहीद झाले आणि मागे मुली ठेवून गेले. त्यांच्याच वयाची आणखी एक मुलगी घरात आणावी, हे मला पटले नाही. त्यांचे केस विंचरील, त्यांची देखभाल करील अशी स्त्री मला हवी होती. प्रेषितांनी (स.) या निवडीला योग्य ठरवले.

मग प्रेषितांनी (स.) तो उंट विकत मागितला. सौदा एका ऊकियाला ठरला आणि मदिनेपर्यंत त्यावरूनच जाण्याची मुभा जाबिर यांनी मागून घेतली. मदिना जवळ आल्यावर, घरी एकाएकी धडकू नका, स्त्रियांना केस विंचरून आवरण्यास अवधी द्या, अशी शिकवणही त्या काफिल्याला मिळाली. मदिनेत पोहोचल्यावर जाबिर उंट घेऊन हजर झाले. हजरत बिलाल (रजि.) यांनी प्रेषितांच्या (स.) आज्ञेवरून किंमत तोलून दिली आणि वर एक कीरात जादा घातला. पाठोपाठ उंटही जाबिर यांनाच परत देण्यात आला. हात आखडलेल्या तरुणाला मदत तर व्हावी आणि त्याचा स्वाभिमानही दुखावू नये, अशी ही रीत होती. तो जादा कीरात म्हणजे अगदी क्षुल्लक वजनाची रक्कम. जाबिर यांनी मात्र तो आपल्यापासून कधीच वेगळा न करण्याचा निश्चय केला आणि थैलीत जपून ठेवला. वाचकहो, ही थैली ध्यानात असू द्या. लेखाच्या शेवटी ती पुन्हा येईल.

ज्या पत्नीची त्यांनी अशी पारखून निवड केली, ती कशी होती, हे खंदकच्या वेळी दिसले. हिजरी ५ मध्ये मदिनेभोवती खंदक खणला जात होता. तीन दिवस कुणाच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. प्रेषितांनी (स.) पोटाला दगड बांधल्याचे पाहून जाबिर (रजि.) यांना राहवले नाही. घरी येऊन त्यांनी पत्नीला काही आहे का विचारले. घरात एक साअ जव आणि एक लहान करडू, एवढेच होते. जाबिर यांनी करडू कापले, पत्नीने जव दळून पीठ मळले आणि जेवण थोडे आहे, प्रेषितांसमोर मला लाजवू नका, अशी काळजी बोलून दाखवली. जाबिर यांनी हळूच जाऊन प्रेषितांना (स.) एक-दोन माणसांसह येण्याची विनंती केली. प्रेषितांनी (स.) तर सर्व खंदकवाल्यांनाच बोलावले! मात्र आपण येईपर्यंत हांडी चुलीवरून उतरवू नये आणि भाकरी लावू नये, असे बजावले. सुमारे एक हजार माणसे जेवून गेली. हांडी उकळतच होती आणि पीठ संपले नव्हते. पत्नीला आज्ञा झाली की आता स्वतः खा आणि शेजारीपाजारीही पाठव. अल्लाहचा हा चमत्कार ज्या चुलीवर घडला, ती चूल एका कष्टाळू स्त्रीची होती, हे आपण विसरू नये.

आता त्या प्रसंगाकडे वळू या, ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला.

जाबिर (रजि.) एकदा अत्यवस्थ झाले. प्रेषित (स.) आणि हजरत अबू बक्र (रजि.) बनू सलिमाच्या वस्तीपर्यंत पायी चालत त्यांच्या समाचाराला आले. जाबिर बेशुद्ध होते. प्रेषितांनी (स.) वुजू केले आणि ते पाणी त्यांच्यावर शिंपडले, तसे ते शुद्धीवर आले. मृत्यू समोर दिसत असलेल्या त्या माणसाने शुद्धीवर येताच विचारले ते आपल्या मालमत्तेविषयी. तेव्हा त्यांच्यामागे वारस म्हणून बहिणी होत्या. बहिणींसाठी वसियत करू का, किती करू, असे ते विचारत होते. प्रेषितांनी (स.) सांगितले की या दुखण्यात तुझा मृत्यू होईल असे मला वाटत नाही, आणि तुझ्या बहिणींचा हिस्सा अल्लाहनेच स्पष्ट केला आहे. सूरह निसाची अखेरची आयत आपल्या या प्रसंगी अवतरल्याचे जाबिर (रजि.) सांगत असत. ज्याच्यामागे आई-वडील वा मूल नाही, अशा माणसाच्या दोन किंवा अधिक बहिणींना दोन-तृतीयांश वाटा, असा तो आदेश आहे.

विचार करा. अन्य वेळी माणूस आपल्या मिळकतीची काळजी करतो ती ती हातून जाऊ नये म्हणून. हा माणूस काळजी करत होता ती बहिणींपर्यंत ती कशी पोहोचेल याची. आणि त्याच्या या काळजीचे उत्तर आकाशातून आले.

जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या ओसरीवर बसलो की काही बांधव वाटणीचे प्रश्न घेऊन येतात. जमीन भावांच्या नावे झालेली असते, बहिणींच्या सह्या हक्कसोडपत्रावर घेतलेल्या असतात आणि विचारायचे असते ते भावाभावांतल्या बांधाविषयी. बहिणींचा वाटा कुठे गेला असे मी विचारले की ठरलेली उत्तरे मिळतात : त्यांच्या लग्नात खर्च केला, त्यांनी आनंदाने सोडला, वाटा मागितला तर माहेर तुटेल. पण वाचकहो, लग्नातील खर्च हा वारसाचा वाटा नव्हे. मुलाला दोन वाटे तर मुलीला एक, हा हिस्सा सूरह निसामध्ये अल्लाहने ठरवून दिला आहे. तो कमी करण्याचा अधिकार ना बापाला आहे, ना भावाला. बहिणीला तिचा वाटा खरोखर मोजून तिच्या हाती द्यावा, त्यानंतर तिने स्वखुशीने भावाला काही दिले तर तो तिचा मोठेपणा. माहेर तुटण्याच्या धाकाने केलेली सही ही खुशी नसते. आपण नमाजच्या सफेत खांद्याला खांदा लावून उभे राहतो आणि सातबाऱ्यावर बहिणीला मात्र उभे राहू देत नाही. हजरत जाबिर (रजि.) यांचे नाव घेऊन हदीस सांगणाऱ्यांना आणि ऐकणाऱ्यांना हे शोभत नाही.

माणसांच्या हक्कांची ही जाणीव जाबिर (रजि.) यांना आयुष्यभर पुरली. प्रेषितांच्या (स.) निधनानंतर त्यांना कळले की शाममध्ये राहणाऱ्या अब्दुल्लाह बिन उनैस (रजि.) यांच्यापाशी एक हदीस आहे, जी आपण स्वतः ऐकलेली नाही. त्यांनी उंट विकत घेतला, सामान बांधले आणि महिनाभर प्रवास करून शाम गाठले. दारात दोघांनी एकमेकांना मिठी मारली. ती हदीस ऐकण्याआधी आपल्या दोघांपैकी कुणाचा मृत्यू होईल, ही भीती आपल्याला इथवर घेऊन आल्याचे जाबिर यांनी सांगितले. ती हदीस हिशेबाच्या दिवसाविषयी होती. जन्नतमध्ये जाणाऱ्याकडे एखाद्या दोजखीचेही काही येणे असेल, मग ती नुसती एक चापट का असेना, तर ते चुकते झाल्याविना त्याला जन्नतमध्ये प्रवेश नाही, असा तिचा आशय आहे. एका हदीससाठी महिनाभराची वाट! एका चापटीचा हिशेब जिथे होणार, तिथे बहिणीच्या गुंठाभर जमिनीचा होणार नाही काय?

उतारवयात मस्जिदे नबवीत त्यांची हलका भरत असे आणि लोक त्यांच्याकडून इल्म घेत असत. दृष्टी गेली, पण दार बंद झाले नाही. त्या काळात हजरत हुसैन (रजि.) यांचे तरुण नातू मुहम्मद बाकिर (रह.) काही लोकांसह त्यांच्या घरी गेले. अंध जाबिर (रजि.) एकेकाला तो कोण म्हणून विचारत होते. बाकिर यांनी आपली ओळख सांगताच त्यांनी हात पुढे केला, त्यांच्या सदऱ्याच्या गुंड्या सोडल्या, छातीवर तळहात ठेवला आणि पुतण्याचे स्वागत करावे तसे स्वागत करून हवे ते विचारण्यास सांगितले. नमाजची वेळ झाली तेव्हा अंगावरच्या आखूड वस्त्रातच त्यांनी इमामत केली. त्या वस्त्राची टोके खांद्यावरून घसरत होती आणि मोठी चादर शेजारी खुंटीवर टांगलेली होती. मग बाकिर यांनी प्रेषितांच्या (स.) हजविषयी विचारले आणि त्या वृद्धाने मदिनेतून निघाल्यापासूनची एकेक गोष्ट क्रमाने सांगितली. आज जगभरचे हाजी ज्या रीतीने हज करतात, तिचा मोठा आधार त्या घरगुती बैठकीतील हे कथन आहे. घरातील म्हाताऱ्या माणसांपाशी बसण्याला आपल्याकडे वेळ उरलेला नाही. त्या दिवशी बाकिर बसले नसते तर?

म्हातारपण सुखाचेच गेले असे नाही. मदिनेवर फितन्याचे दिवस आले. सैन्याच्या धास्तीने शहर हादरले असताना एकदा जाबिर (रजि.) आपल्या दोन मुलांच्या मधून, त्यांच्या आधाराने चालले होते. पायाला ठेच लागली आणि ते उद्गारले की ज्याने अल्लाहच्या प्रेषितांना घाबरवले त्याचा नाश होवो. प्रेषित (स.) तर हयात नाहीत, मग त्यांना कोण कसे घाबरवणार, असे मुलांनी विचारले. तेव्हा मदिनेच्या रहिवाशांना घाबरवणे म्हणजे मलाच घाबरवणे, अशा आशयाची प्रेषितांची (स.) वाणी त्यांनी मुलांना ऐकवली. एके काळी सात-नऊ बहिणींचा आधार असलेल्या माणसाला अल्लाहने म्हातारपणी दोन्ही बाजूंनी आधार दिला होता.

हिजरी ६३ मध्ये हर्राची दुर्घटना घडली. शामच्या फौजेने मदिना लुटली. त्या लुटीत जाबिर (रजि.) यांची ती थैलीही गेली. बिलाल (रजि.) यांनी वर घातलेला तो एक कीरात त्यांनी अर्ध्या शतकाहून अधिक काळ जपला होता. इतक्या वर्षांत अनेक गरजा आल्या असतील, तरी तो खर्च झाला नाही. कुटुंबासाठी स्वतःची हौस बाजूला ठेवणाऱ्या एका तरुणाची प्रेषितांनी (स.) घेतलेली दखल त्या तुकड्यात होती.

बहुतेक इतिहासकारांच्या मते हिजरी ७८ (इ. स. ६९७) मध्ये, ९४ वर्षांच्या वयात त्यांचे निधन झाले. मदिनेत अखेरीस निवर्तलेल्या सहाबींमध्ये त्यांचे नाव घेतले जाते. मदिनेचे तत्कालीन राज्यपाल आणि हजरत उस्मान (रजि.) यांचे पुत्र अबान यांनी त्यांच्या जनाजाची नमाज पढवली. अकबाच्या रात्री सर्वांत लहानांपैकी एक असलेला मुलगा त्या रात्रीच्या साक्षीदारांपैकी अखेरच्या काहींत एक होऊन गेला.

प्रिय वाचकहो, १९ मोहिमांचा मान मोठा आहे, १,५४० हदीसांचा तर त्याहून मोठा. परंतु या आयुष्याचा पाया ज्या दोन दिवशी जाबिर (रजि.) घरी थांबले, त्या दिवशी घातला गेला. आपल्या बहिणींपैकी कुणाचा वाटा आपल्याकडे राहिला असेल, वडिलांचे कुणाचे देणे फिटायचे असेल, तर येत्या जुम्यापूर्वी घरात बसून त्याचा हिशेब मांडा. बहिणीला फोन करा आणि तिचा वाटा तिला आपल्या तोंडाने सांगा.

अल्लाह आपणा सर्वांना हक्क ओळखण्याची आणि तो हयातीतच पोहोचवण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.